दोघे रवाना

नवीन भरतीच्या मुली आमच्या पोलीस ठाण्यात आल्या की साहेब मला पुढे करतात. "बाई, वॉरंटला जाताना काय काळजी घ्यायची ते तुम्हीच सांगा यांना." मग मी सकाळच्या हजेरीला उभी राहून सांगते. एकटीनं जायचं नाही. दार उघडलं की आधी समोरच्याचे हात बघायचे, तोंड नंतर. ज्या बाजूला कठडा नाही तिकडे पाठ करायची नाही. मुली माना डोलावतात. बाईंनी हे सगळं भोगलंय, असं त्यांना वाटतं. मी काही भोगलेलं नाही. मी त्या दिवशी नौपाड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते.

तेव्हा माझी नेमणूक कल्याणच्या बाजूला होती आणि मी साधी शिपाई होते. माझ्या जोडीला एक हवालदार असायचे. वयानं माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचे. बोलायला गोड, चालायला सावकाश, कारण डावा गुडघा दुखायचा. त्यांची एक सवय होती. कुणाच्याही घरी पकडायला गेले की दारातच म्हणायचे, "आधी जरा पाणी द्या." मी एकदा हसले तर मला म्हणाले, "हसू नको. जो पाणी आणायला वळतो त्याचा निम्मा राग तिथंच उतरतो. वीस वर्षांत माझ्यावर कुणी हात उगारला नाही, तो या पाण्यामुळे." मला ते पटायचं. अजूनही पटतं, आणि पटतं याचाच राग येतो.

त्या दिवशी आंबिवलीला एकावर वॉरंट बजावायचं होतं. मारामारीच्या केसमधला माणूस, कोर्टाच्या तारखांना येत नव्हता. एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर बायकोबरोबर राहायचा. घरात बाईमाणूस, म्हणून सोबत मी. निघताना स्टेशन डायरी लिहिणाऱ्या अंमलदाराला मीच म्हणाले, "दोघांची नावं टाक रे." त्यानं टाकली. हवालदार आणि महिला शिपाई, वॉरंट बजावणीकामी रवाना.

फाटकाबाहेर आल्यावर मी दादांना सांगितलं, की सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आज पट्टी काढायची आहे आणि नवरा गावी गेलाय.

"मग इथं काय करतेस? जा ना!" दादा म्हणाले. "म्हातारीला ताटकळत ठेवू नको. मी काय लढाईला चाललोय? साधं वॉरंट आहे. तीन वाजता इथंच भेटू, बरोबरच आत जाऊ."

आम्ही सगळेच असं करायचो. आज तुझं काम, उद्या माझं. डायरीत दोघं आणि रस्त्यावर एकच. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. उलट जो असं सांभाळून घेत नाही तो माणूसघाणा, अशी आमची समजूत. मी खुशाल ठाण्याला, नौपाड्यात निघून गेले.

डॉक्टरांनी पट्टी काढली आणि सासूबाईंसमोर बोटं धरली. "किती?" सासूबाई म्हणाल्या, "तीन. आणि नखं वाढलीत तुमची." मी हसत होते तेव्हाच फोन वाजला. डायरीवाला अंमलदार होता. "तू बरी आहेस ना? तुला नाय ना लागलं कुठं?" मी म्हणाले, "मी बरी आहे." ते खरंच होतं. मग मी विचारलं, "का रे?" तर म्हणाला, "तू आधी कल्याणच्या हॉस्पिटलात ये."

मी कल्याणच्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा दादा गेलेले होते. तिसऱ्या मजल्यावरून खाली, डोक्यावर. मला बघून सगळ्यांनी वाट करून दिली. कुणी खुर्ची सरकवली. कुणीतरी म्हणालं, "तिला धक्का बसलाय, आत्ता काही विचारू नका." मग कुणी काही विचारलंच नाही आणि मीही सांगितलं नाही. मी घाबरले होते, की रडवेली झाले होते, की नुसतीच भित्री होते, हे मला तेव्हा कळलं नाही. आता विचार करते तेव्हाही कळत नाही.

तेवढ्यात दादांच्या बायकोला डोंबिवलीहून घेऊन आले. वहिनी रडत नव्हत्या. त्यांनी माझा हात धरला आणि खालच्या आवाजात विचारलं, "ताई, शेवटी तोंडात पाणी पडलं ना हो त्यांच्या?"

"हो वहिनी," मी म्हणाले. "पडलं."

तोंडातून शब्द गेला तो गेला. त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात सोडला.

अंमलदाराला मात्र मी बाजूला नेऊन खरं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "हे बघ, तो पकडलेला काय बोलतोय ऐक. म्हणतोय मी पाणी दिलं, साहेब मागे सरकले आणि पडले. बायको माहेरी गेलेली त्याची. बघणारं कोणच नाय. तू एकटीच आहेस, डायरीत आहेस ना तू! जिन्यात उभी होतीस, ढकलताना बघितलंस. बस. नायतर तो सुटला, मी गेलो आणि तू पण गेलीस."

"आणि माझा फोन? तो नौपाड्यात होता."

"सासूकडे राहिलेला म्हणायचं. तुझ्याशी बोललो तो मीच ना? मी नाय सांगणार."

त्याला सगळी उत्तरं येत होती. माझा जबाब दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. सकाळी मी मेथी निवडत बसले आणि मला तो जिना दिसायला लागला. निळा रंग दिलेली भिंत, वर दादा, चार पायऱ्या खाली मी, दारातल्या माणसाचे पुढे आलेले दोन्ही हात. दादांचा तोल जाताना मी ओरडले, तेसुद्धा मला ऐकू आलं. मी तिथं कधी पाऊल ठेवलं नव्हतं, मग हे इतकं स्वच्छ कसं दिसत होतं? जो माणूस वीस वर्षं लोकांचे जिने चढला तो घसरेल कसा? त्या दारातल्या माणसानं ढकललंच असणार. मग तेच सांगितलं तर ते खोटं कसं? मग दादांचा गुडघा आठवायचा, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, पानं टाकतेयस आणि देठं ठेवतेयस." त्यांना आता सगळंच दिसत होतं.

तपास करणारे साहेब वयस्कर होते, शांत. मला म्हणाले, "जबाब कागदावर नंतर घेऊ. आधी जागेवर चल. कुठं उभी होतीस ते दाखव."

इमारतीत शिरले आणि माझे पायच थांबले. निळी भिंत कुठंच नव्हती. नुसत्या उघड्या विटा. जिना मी मनात धरला होता त्याच्या उलट बाजूला वळत होता आणि चार पायऱ्यांखालून दार दिसतच नव्हतं. दारासमोरच्या मोकळ्या जागेला कठडा नव्हता. तिथं खडूनं एक गोल काढलेला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"पेला सापडला तिथं. स्टीलचा, आडवा पडलेला, रिकामा," साहेब म्हणाले. "हं, बोल. कुठं होतीस तू?"

"नौपाड्यात," मी म्हणाले.

साहेब तिथंच पायरीवर बसले. मग मी सगळं सांगितलं, अगदी मेथीपर्यंत. निळ्या भिंतीचंसुद्धा सांगितलं. त्यांनी शिवी दिली नाही, कौतुकही केलं नाही. एवढंच म्हणाले, "आता मी हे उभं कशावर करू?"

त्यांनी प्रयत्न केला. दादांच्या वजनाचा पुतळा करून वरून दोनदा टाकला, एकदा नुसता सोडून, एकदा ढकलून. दादा पडले ती जागा दोन्हींच्या मधोमध आली. मी आणि अंमलदार, दोघंही निलंबित झालो. परत कामावर घेतलं तरी तो माझ्याशी आजतागायत बोलत नाही. केस अजून चालू आहे. समोरच्या वकिलानं पहिल्या दिवशी डायरीचं तेच पान पुढे केलं. ज्या डायरीत नसलेली बाई चालत जाते, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं त्याचं म्हणणं. त्याचं काय चुकलं, सांगा.

निलंबनाचा कागद हातात आल्यावर मी आधी डोंबिवलीला गेले. वहिनींना हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. चहा पुढे आला, त्याला मी हात लावला नाही. एका दमात सांगून टाकलं, की मी तिथं नव्हते, सासूबाईंच्या डोळ्यांची पट्टी काढायला गेले होते, मी पाणी पाजलं नाही, मी खोटं बोलले.

आत कुकरची शिट्टी झाली. वहिनी उठल्या, गॅस बंद करून परत आल्या.

"सासूबाईंना दिसतं का हो आता?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंच्या डोळ्यांचं मी नुकतं सांगितलं होतं खरं, पण त्यांच्या विचारण्यात नवल काहीच नव्हतं.

"यांचा फोन आलेला मला, रिक्षातून," वहिनी म्हणाल्या. "आज एकटाच चाललोय, ताईच्या सासूची पट्टी काढायची आहे म्हणून."

"म्हणजे हॉस्पिटलात तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं ना."

"मग मला का विचारलंत, वहिनी?"

"तुम्ही हो म्हणाल असं वाटलं."

मला रडू फुटलं. त्यांनी मला माफ केलं होतं, की हे मी जन्मभर वागवावं असा त्यांचा बेत होता, की त्यांना तेवढ्यापुरता नुसता एक होकार हवा होता? काहीतरी द्यायला हवं म्हणून मी घाईघाईनं म्हणाले, "वहिनी, वर एक पेला सापडलाय. त्यानं दादांना पाणी दिलं होतं. पेला रिकामा होता."

वहिनी पहिल्यांदाच पुढे सरकल्या.

"प्यायलेला, की सांडलेला?"

मी साहेबांना ते पुढे दोनदा विचारलं. पंचनाम्यात नुसतं रिकामा असं लिहिलंय.