दीड पावलाचं सूप

माझी थोरली बहीण बावीस वर्षं एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आहे, आणि तिचं काम थोडक्यात सांगायचं तर सूप नेणं. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठंसं! मलाही वाटायचं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या कामात काय मोठंसं असं वाटायची मला जुनी सवय आहे.

स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये बेचाळीस पावलांचा बोळ आहे आणि बोळाच्या मधोमध तीन पायऱ्या. त्या कुणी आणि का बांधल्या देव जाणे, पण त्यांच्यामुळे ढकलगाडी चालत नाही. मग दोन कानांचं रुंद पातेलं दोन्ही हातांनी धरायचं आणि निघायचं. बारा वाजता एक खेप, सव्वाबाराला दुसरी. पातेल्याला झाकण आहे, पण ते ताई खिळ्याला टांगून ठेवते. कुणी विचारलं तर म्हणते, "झाकण लावलं की सांडलेलं दिसत नाही, एवढंच. सांडायचंच असेल तर लाजत कशाला सांडायचं?" पण तिचं सांडत नसेच. बावीस वर्षांत त्या फरशीवर एक थेंब नाही. हे ती स्वतःहून कधी सांगत नाही. दुसरं कुणी सांगेपर्यंत फक्त विषय बदलू देत नाही.

आता तिच्या चालीबद्दल. अकरा वर्षांची असताना ती भिंतीवरून पडली आणि तिचा डावा गुडघा वाकडा बसला. भिंतीवर चढली होती ती माझा चेंडू काढायला. तेव्हापासून एक पाऊल लांब, एक आखूड, मध्ये बारीकसा झोका, असं तिचं चालणं. शाळेत पोरं तिला 'दीडपाय' म्हणायची. एकदा भांडणात मीही म्हटलं होतं. ती ते कधी बोलून दाखवत नाही, म्हणून मला ते विसरता येत नाही. स्वभावाने ती जन्मभर नाकासमोर चालली. पाय तेवढा नाकाचं ऐकत नव्हता.

म्हणून गेल्या वर्षी मी शस्त्रक्रियेसाठी तिच्या मागे हात धुऊन लागलो. "चाललंय की माझं," ती म्हणायची. "चाललं नाही, लंगडतंय," मी म्हणायचो. तीन महिने भुणभुण केल्यावर ती एकदाची तयार झाली. डॉक्टरांनी गुडघा असा बसवला की चार महिन्यांनी ती माझ्या घरी आली, तेव्हा खिडकीतून मी तिला ओळखलंच नाही. कोण बाई एवढ्या ताठ येतेय म्हणून बघत राहिलो. तिने माझ्या खोलीत चार फेऱ्या मारून दाखवल्या आणि पाचवी नुसतीच हौस म्हणून मारली. चेंडूचं कर्ज फिटलं असं वाटलं.

कामावर परतली त्या पहिल्याच दुपारी सूप सांडलं.

दहाव्या पावलापर्यंत सगळं ठीक असायचं. मग सूप पुढेमागे डोलू लागायचं, पंधराव्याला काठाशी यायचं आणि विसाव्याला ताईच्या एप्रनवर. तिने हळू चालून पाहिलं, तर हात भरून आले आणि पायरीवर पातेलं टेकवावं लागलं. कमी भरून पाहिलं, तर खेपा तीन झाल्या, आणि तिसऱ्या खेपेची माणसं पहिल्या खेपेच्या माणसांकडे अशी बघायला लागली की ताईला घास गिळवेना. चौथ्या दिवशी तिने खिळ्यावरचं झाकण काढलं. हे कळलं तेव्हा मला प्रकरण किती पुढे गेलंय ते समजलं. सूप झाकणाखालून ओघळलं ते ओघळलंच.

व्यवस्थापक बाई तशा भल्या आहेत. "एखादी आजी घसरून पडली तर काय करायचं, तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत बघू. नाही जमलं तर सोमवारपासून तुम्ही धुलाईघरात घड्या घाला. बसून काम आहे."

"घड्या!" ताई मला फोनवर म्हणाली. "बावीस वर्षांनी चादरीच्या घड्या! तुझ्या त्या गुडघ्याने माझं सूप खाल्लं."

गुडघा आता माझा झाला होता. मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेली माणसं पाहिली आहेत. मी बहिणीच्या पायावर पाडला होता, आणि तोही डॉक्टरांच्या हस्ते. मी तिला सल्ले दिले. दडपण घेऊ नकोस, हात सैल सोड, दीर्घ श्वास घे. शास्त्र येत नसलं की माणूस श्वासावर येतो.

बुधवारी मी स्वतः बघायला गेलो. जेवणाच्या खोलीत दाराशी एक आजोबा बसतात, निवृत्त बँडमास्तर. जे कानावर पडेल त्याचा ठेका ते चमच्याने टेबलावर धरतात. ताई बोळातून निघाली तसे ते खूश झाले.

"मास्तर, तुमच्या बहिणीची चाल काय सुधारलीय हो! पूर्वी अगदी बेताल. चमचा धरायचा तरी कुठे? आता ऐका, एक-दोन, एक-दोन. थेट पलटणीत शोभेल!"

त्यांच्या विसाव्या ठोक्याला बोळातून सूप सांडल्याचा आवाज आला.

गुरुवारी वर्गात लाटा होत्या. दर वर्षी मी पाण्याचा ट्रे घेतो आणि बोटाने ढकलतो. कसाही ढकलला तर पाणी नुसतं कुरकुरतं. पण एक लाट पलीकडच्या भिंतीला आपटून ज्या वेळी परत निघते, नेमक्या त्याच वेळी पुन्हा ढकलला, आणि दर वेळी तसाच, की इवल्याशा धक्क्यांनी पाणी चढत जातं. झोपाळ्यासारखंच. "लाटेला जोर लागत नाही," मी दर वर्षीचं वाक्य म्हणालो, "तिला ताल लागतो." आणि ट्रेमधलं पाणी हजेरीपटावर गेलं.

मी ओल्या हजेरीपटाकडे बघत उभा राहिलो. पंधरा वर्षं हे वाक्य मी बोलत होतो, पण ऐकलं त्या दिवशी पहिल्यांदा. पातेल्यातल्या सुपाचा डोलायचा एक ठरलेला वेग होता, आणि ताईची नवी पावलं नेमकी त्याच वेगाने पडत होती. जुन्या चालीत एक पाऊल लाटेला ढकलायचं, तर पुढचं वेळेआधी पडून तिलाच आडवं जायचं. लाट उठायच्या आत मोडायची. बावीस वर्षं ताईचं सूप तिच्या वाकड्या गुडघ्याने सांभाळलं होतं, आणि तो मी काढायला लावला.

शाळा सुटताच मी तिच्या घरी गेलो. कपडे भिजवायच्या टबात पाणी घालून सगळं दाखवलं. तिला माझ्या वर्गापेक्षा लवकर कळलं. तिने स्वतः टब दोनदा हलवून पाहिला, एकदा तालात, एकदा बेताल, आणि मान डोलावली.

"मग आता मी काय करायचं?"

"थोडं लंगडायचं," मी म्हणालो. "फक्त बोळापुरतं."

ती टब सोडून उभी राहिली.

"त्रेचाळीस वर्षं लोक बघायचे, म्हणून मी रस्त्याच्या कडेकडेने चालले," ती म्हणाली. "आता कुठे मधून चालायला लागले. आणि तू मला लंगड म्हणतोस? लहानपणी एकदा म्हणालास, आता हे दुसऱ्यांदा."

म्हणजे तीही विसरली नव्हती. मी काहीतरी बोलणार होतो, पण तिने दार उघडून धरलं होतं. मी गेलो. घरी जाऊन जेवलो नाही, आणि का जेवत नाही हेही कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी बँडमास्तर आजोबांच्या शेजारी जाऊन बसलो. व्यवस्थापक बाई दारात उभ्या होत्या, हातात कोरडं फडकं. बाराला ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. झाकण खिळ्यालाच. मान ताठ.

दोन पावलं सरळ टाकली, आणि थांबली. मग तीन पावलं बारीक, पटपट. एक लांब. कंबरेत किंचित झोका, एक तिरकं पाऊल, पुन्हा थांबा. पायऱ्यांपाशी तर तिने चक्क एक गिरकीची सुरुवात केली आणि पातेल्याकडे बघून रद्द केली. सूप काठाकडे निघायचं आणि अर्ध्या वाटेत बुचकळ्यात पडायचं. आजोबांनी चमचा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"मास्तर, हा ताल कुठला हो?" ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

बेचाळीस पावलांच्या बोळाला ताईने साठेक पावलं लावली. व्यवस्थापक बाई वाकून वाकून फरशी बघत पार स्वयंपाकघरापर्यंत गेल्या आणि फडकं तसंच कोरडं घेऊन परत आल्या. "सोमवारी सूप कसलं आहे?" एवढंच त्यांनी विचारलं.

ताई वाढत वाढत माझ्यापर्यंत आली. मला गप्प बसायला हवं होतं, पण मास्तरकी अंगात मुरलेली.

"ताई," मी हळूच म्हणालो, "हे लंगडणंच झालं ना पण?"

तिने माझ्या वाडग्यात एक पळी ओतली, मग दुसरी.

"तेव्हा पाय नेईल तशी मी जायचे," ती म्हणाली. "आता मी नेते तसा पाय येतो. पी गुपचूप, निवतंय."