अनिताची पत्रं

हॉस्टेलवर चार वर्षं काढली की किस्से खुर्चीवरच्या कपड्यांसारखे साठतात. एक ओढला की चार खाली पडतात! पण आमच्या कोल्हापूरच्या हॉस्टेलवर मला खरे धक्के दिले ते माझ्या रूममेटच्या, स्वप्नालीच्या पत्रांनी.

हो, पत्रांनीच! स्वप्नाली गारगोटीची. आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला बटणांचा साधा फोन दिलेला. तोही दर रविवारी येऊन तपासायचे. "काय वंगाळ दिसलं की कॉलेज बंद. थेट लगीन!"

म्हणून नागपूरला इंजिनिअरिंग करणारा तिचा अनिकेत पोस्टानं पत्रं पाठवायचा. खाली सही, 'तुझी मैत्रीण अनिता'.

\*

एकदा पाकीट उघडंच आलं. रेक्टर मॅडमनी आम्हा दोघींना बोलावलं.

"ही अनिता लिहितेय, दाढी करताना हनुवटी कापली. म्हणजे?"

मी खोटंच खोकायला लागले. स्वप्नाली मात्र थंड!

"मॅडम, नाटकात बाप्याचं काम करतीया ती."

मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या. "भूमिकेत फारच शिरलीय!"

\*

परीक्षेच्या घाईत अनिकेतकडून पाकिटांची अदलाबदल झाली. स्वप्नालीला आलं, 'दोन बनियन आणि लसणाची चटणी पाठव.' आणि त्याच्या आईला गेलं, घाईत सहीच राहिलेलं, 'माझ्या काळजा, तुझ्याशिवाय घास उतरत नाही.'

आपलं पत्र कुणाच्या हाती पडलं, या धास्तीनं स्वप्नाली दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी अनिकेतला त्याच्या आईचा फोन. माऊली हुंदके देत होती.

"लेकरा, एवढी आठवण येती व्हय रं माझी? सगळ्या गल्लीला वाचून दाखिवलं!"

\*

दिवाळीला स्वप्नालीनं पत्रांचा गठ्ठा बॅगेच्या तळाशी घालून घरी नेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर गठ्ठा गायब! कॉलेज संपलं, असं समजून ती आबांना शोधत घरामागच्या परड्याकडं गेली आणि दाराआडच थिजली.

आई शेंगा फोडत बसलेली. समोर आबा, चष्मा लावून, अडखळत वाचत होते. "तू हसलीस की... गालावर खळी पडती..."

"थांबा की," आई म्हणाली. "तेवढं परत वाचा. सावकाश."

आबांनी मान वर करून आईच्या गालाकडं बघितलं. मग परत वाचलं.

सुट्टी संपली. एसटी स्टँडवर आबांनी गठ्ठा काढून स्वप्नालीच्या हातात ठेवला.

आबा दुसरीकडंच बघत म्हणाले, "नवीन आली की घिऊन ये. तुझी आई वाट बघतीया."