नजीरभाईंची साधी जाई

दत्ताने दांडकं उगारलं आणि शेजारचे नजीरभाई माझ्या भाताच्या पोत्यांपुढे पालथे पडले. दांडकं त्यांच्या हातावर बसलं. हाड मोडल्याचं मला चुलीपाशी ऐकू आलं. त्यांच्या पोटाखाली सापीण होती.

दत्ता माझा पुतण्या. त्याला ती घोणस वाटली. मलाही वाटली, तसलेच तपकिरी डाग.

"घोणस न्हाई, आपली जाई हाय," नजीरभाई म्हणाले. "मावशी, उशीचा अभ्रा द्या एखादा."

हात लोंबत होता आणि माणूस अभ्रा मागत होता. दिला. जाईला त्यात घालून मगच ते दवाखान्यात गेले.

भोरमध्ये आमच्या भिंतीला लागून ते गाद्या भरायचे. काम उरकलं की गळ्यात अजगर घेऊन ओट्यावर बसायचे. अजगर दोन, परदेशी, सरकारदरबारी नोंद केलेले. बिनविषारी, भ्याले की चेंडूसारखे गुंडाळून बसत. नराच्या पाठीवर डाग नव्हतेच, मानेपासून शेपटीपर्यंत एक सरळ पट्टा. त्याला बघायला गल्ली लोटायची. मादी म्हणजे जाई, साध्या डागांची; तिच्याकडे कोणी बघत नसे. विकणाऱ्याने सांगितलं होतं, पट्टा हिच्या रक्तात आहे, पिल्लं झाली की दिसेल.

तुम्हाला फसवलं, असं मी तोंडावर सांगितलं. ते चिडले नाहीत.

"मावशी, तुमची शेळी काळी, बोकड काळा. मग तांबडं करडू कुठनं आलं? शेजारनं उसनं आणलं व्हय?"

त्या दिवशी मी त्यांना चहाच दिला नाही.

दांडकं पडलं तेव्हा जाईच्या पोटात अंडी होती. प्लास्टर घालून नजीरभाई आले ते आधी तिच्याकडे. पुढे दत्ता न सांगता त्यांची कापसाची पोती उचलू लागला.

अंडी फुटायला लागली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. हात वाकडाच जुळला होता. पाच पिल्लं बाहेर आली, पाचही डागांची.

"फसवलंच तुम्हाला," मी म्हटलं.

"अजून एक अंडं हाय की."

त्यातून आधी डोकं आलं, मग मान, मग पाठीवरचा सरळ पट्टा.

"आता तरी चहा टाका, मावशी."

टाकला.

नजीरभाई गेल्या वर्षी गेले. कापसाने छाती भरली होती. जाई जिवंत आहे, त्यांच्या सुनेकडे.