कुकरच्या शिट्टीची थिअरी

धरणगावच्या बाजारपेठेत पुखराजजींचं कापडाचं दुकान आहे. त्यांची थोरली सून चेलना तिथे साड्या दाखवते. दिसायला शांत बाई, पण तिच्या मनात एकदा कुणाबद्दल अढी बसली की बसलीच.

तिला एकच वेड, टीव्हीवरची 'सातवा चंद्र' ही मालिका. पृथ्वीपासून दूर निघालेलं यान, त्यातला कॅप्टन आणि दर भागात त्याला पृथ्वीवरून येणारा आईचा फोन. शेवटी काय गुपित फुटणार यावर चाहत्यांची डोकी तापलेली. हे जैन घर सूर्यास्ताआधी एकत्र जेवायला बसतं. तिथेच एका संध्याकाळी चेलनाने सांगून टाकलं, की पृथ्वी केव्हाच संपली आहे आणि आईचा आवाज यानातलं यंत्रच काढतं. दर फोनमध्ये त्याच शब्दावर मागे कुकरची शिट्टी होते, हे तिने हेरलं होतं. सासू सूरजबाईंनी कौतुकाने आणखी एक फुलका वाढला.

धाकटा दीर अनुज मुकाट्याने जेवत होता. दुसऱ्या दिवशी हीच थिअरी त्याच्या यूट्यूब चॅनेलवर, शिट्टीसकट, स्वतःची म्हणून! व्हिडिओ तुफान चालला. धुळ्याच्या एका मंडळाने त्याला शाल-श्रीफळ दिलं. आता तरी आपलं नाव घेईल म्हणून चेलना पहिल्या रांगेत बसली होती. पठ्ठ्या माइकवर म्हणाला, आमच्या घरात यातलं कुणाला ओ की ठो कळत नाही. लोक हसले. चेलनाच्या अंगाचा तिळपापड झाला.

नवऱ्याला सांगितलं असतं तर 'लहान आहे, सोडून दे' एवढंच ऐकायला मिळालं असतं. तिला सोडायचं नव्हतं. शेवटचा भाग जवळ आला तेव्हा तिने जेवताना सहज विषय काढला. म्हणाली, माझं चुकलंच, पृथ्वी शाबूत आहे, खरं यंत्र तो कॅप्टनच. बघा ना, अख्ख्या मालिकेत तो घोटभर पाणीसुद्धा प्यायलेला नाही. पहिल्याच भागात तो ग्लासभर पाणी प्यायला होता, हे तिला पाठ होतं. अनुजला घास गिळायची घाई झाली.

त्याने नवा व्हिडिओ टाकला. जुनी थिअरी पोरकट होती, ती मानणाऱ्यांची कीव येते, असंही वर ठोकून दिलं. आणि शेवटच्या भागात पृथ्वी संपलेलीच निघाली, आईचा आवाज यंत्राचा निघाला. चाहत्यांनी अनुजची सालटी काढली. पहिल्या भागात पाणी पिणाऱ्या कॅप्टनचा फोटो त्याला इतक्यांनी पाठवला, की त्याने चॅनेलच बंद केलं. चेलनाच्या काळजाला थंडावा मिळाला, खोटं कशाला बोला.

मग संवत्सरी आली. वर्षभराच्या अपराधांची क्षमा मागायचा दिवस. हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं, समोरच्यानेही तेच म्हणायचं. कशाबद्दल, असं कुणी कुणाला विचारत नाही. अनुज आईच्या पाया पडून भावजयीपुढे आला आणि भिंतीकडे बघत तेच शब्द पुटपुटला.

"कशाबद्दल?" चेलनाने विचारलं.

अनुजने आईकडे पाहिलं, तर सूरजबाईही उत्तराची वाट बघत होत्या.

"तुमची थिअरी चोरली, भाभी. आणि धुळ्यात सगळ्यांसमोर तुम्हाला काही कळत नाही म्हणालो."

चेलनाचं समाधान झालं. आता रीतीप्रमाणे तिची पाळी होती. तिने हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्, अनुज."

अगदी मनापासून म्हणाली, आणि तो कशाबद्दल विचारतो का, याची क्षणभर वाट पाहिली. त्याने विचारलं नाही. मग तीही कशाला सांगते?