भांड्यांच्या खोलीतली पाण्याची गादी

कोणत्याही कार्यालयात ती शिरली की प्रथम सूचनाफलकाकडे जाई आणि वर लावलेला कागद दोन बोटांनी उचलून त्याखालचा वाचू लागे. शिपाई खेकसला तर मागे न पाहताच म्हणे, "वरचा कागद साहेबाच्या कामाचा असते, बापू. आमच्या कामाचा खाली दबून रायते."

आमच्या तालुक्याच्या गावात अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. बाजाराच्या दिवशी ती कार्यालयांच्या आवारात दिसतात आणि आपण त्यांना दलाल समजतो. मीही तसेच समजलो होतो. तिच्या बोटांची टोके तेंदूपानांनी काळवंडलेली होती. आयुष्यभर विड्या वळलेल्या. नवरा अंगावरून वारे गेल्याने काही वर्षे अंथरुणाला खिळला होता. त्याच्यासाठी हिंडता हिंडता तिला जिल्ह्यातली दारे पाठ झाली. तो गेला, दारे तेवढी ध्यानात राहिली. पुढे ती इतरांसाठी हिंडू लागली.

मी न्यायालयातून लिपिक म्हणून निवृत्त झालो. पत्र कसे लिहावे हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. माझी पत्नी अंगणात पडली, खुब्याचे हाड मोडले आणि ती कायमची पलंगावर आली, तेव्हा मी ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा अधिनियम काढून बसलो. पाण्याची गादी आणि घरी येणारी परिचारिका मिळावी, असा सात पानी अर्ज केला. उत्तर नाही. पहिले स्मरणपत्र, दुसरे, तिसरे. पत्नी म्हणायची, "अजी, तुमच्या पत्रानं पाठ बरी होत असती तं मी आतापावतर नाचली असती." तोवर तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. कुशीवर वळवताना ती ओठ दाबून धरी. मी एकटा, तिच्याहून थकलेला. रात्रंदिवस तिला वळवणे मला झेपत नव्हते.

चौथे स्मरणपत्र घेऊन मी एका कार्यालयात उभा होतो. शेजारी ती विड्यावाली बाई फलक वाचत होती.

"काऊन बाबूजी, कोणासाठी हिंडून रायले?"

मी विषय सांगितला, संदर्भ क्रमांक सांगितला, कोणत्या कलमाचा भंग झाला तेही सांगितले.

"पाठीचे घाव केवढे हाय?"

"अर्ज विचाराधीन आहे."

"मी पाठीचं इचारून रायली जी, अर्जाचं नाई."

मला राग आला. त्याच संध्याकाळी ती घरी आली. परवानगी न विचारता आत गेली, पत्नीला हळूच कुशीवर केले, पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाबूजी, चपला घाला."

तिने मला आमच्याच गावातल्या बुद्धविहारात नेले. माझ्या घरापासून तिसरी गल्ली. विहारामागे एक खोली आहे. लग्नाकार्याची मोठी भांडी तेथे ठेवतात आणि मागेल त्याला वापरायला देतात. गंज, पराती, झारे यांच्या मागे भिंतीला एक चाकांची खुर्ची, एक शौचाची खुर्ची आणि घडी घातलेली पाण्याची गादी होती. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांनी ती आणून ठेवलेली. मयताची वस्तू म्हणून कोणी घरात ठेवत नाही आणि गरजवंताला ती येथे आहे हे ठाऊक नसते. भांड्यांच्याच वहीत, झाऱ्याच्या ओळीखाली, मला सही करायची होती. मी अटी विचारल्या. खोली सांभाळणारा म्हातारा म्हणाला, "भांडं असते तं घासून आणा लागते. गादी हाय, पुसून आणा."

राज्यघटनेतले समतेचे कलम मला तोंडपाठ होते. त्या विहाराची पायरी मात्र मी पस्तीस वर्षांत चढलो नव्हतो. माझ्या पत्नीची पाठ सोलवटत होती आणि गादी तीन गल्ल्यांवर होती. हा दोष मी कोणत्याही कार्यालयाच्या माथी मारू शकत नाही. तो माझा आहे.

दुसऱ्या दिवशी ती मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. क्ष-किरणाच्या खोलीमागे पाटी नसलेले एक दार होते. आत एक परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी आठवड्यातून एकदा जाणे हेच तिचे काम. मी पिशवीतून अर्जाची प्रत काढली आणि वाचू लागलो. पहिल्या पानावर असतानाच ती बाई मध्ये बोलली, "सिस्टर, बाबूजीची बायको पडून हाय. पाठीले घाव हाय. हे एकटेच हाय." परिचारिकेने नाव, पत्ता लिहून घेतला. गुरुवारी ती घरी आली. जखमा धुतल्या, आणि किती वेळाने, कसे, कोणत्या हाताचा आधार देऊन वळवायचे ते मला शिकवले.

मग मी खरोखर संतापलो. शासनाने स्वतः होऊन माहिती प्रसिद्ध करावी, असे माहिती अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलम सांगते. मग दारावर पाटी का नाही? सेवा आहे आणि ती आहे हे कोणाला कळू द्यायचे नाही, याला सेवा म्हणायचे? मी तसे पत्र लिहिले. त्याचेही उत्तर आले नाही. ती बाई म्हणाली, "लिहा जी, लिहा. पाटी लागली तं बरंच हाय. तोपावतर मी हावोच."

बचत गटातल्या दोन बायका दुपारी येऊन बसतील, तेवढ्या वेळात मी झोपावे, हेही तिनेच ठरवले. मी म्हणालो, मला गरज नाही. "तुमी पडले तं बाईले कोन वळवल?" तिने विचारले. त्या दुपारी मी चार तास झोपलो.

पत्नीच्या जखमा भरल्या. पुढच्या वर्षी ती गेली, तेव्हा तिची पाठ स्वच्छ होती. तिसऱ्या दिवशी ती बाई दारात उभी. गादी मागायला.

"तेरवी तरी होऊ द्या," मी ओरडलो.

"एक म्हातारी जमिनीवर पडून हाय, बाबूजी. तिले तेरवीपावतर कसं थांबवू?"

मी गादी पुसली. ती दुसऱ्या टोकाला पुसत होती आणि रडत होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

एकदा मी तिला म्हटले, ही सगळी दारे मला सांगा, मी व्यवस्थित यादी करतो. ती हसली. "फुरसतीनं सांगीन." मीही आग्रह धरला नाही. ज्याने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची प्रत काढली, त्याने हिची काढली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिला ताप आला आणि दोन दिवसांत ती गेली. अजून लोक तिला विचारत येतात. परवा चिचगडहून एक गृहस्थ आले, दोन बस बदलून. आई तीन महिने पडून आहे. पाठीला जखमा आहेत. विहारातली गादी दुसरीकडे दिलेली होती. दवाखान्यात परिचारिका म्हणाली, "चिचगड माझ्याकडे नाही. तुमच्या देवरी तालुक्याला विचारा."

"देवरीले कोनाले इचारू, बाबूजी?" ते म्हणाले.

मला ठाऊक नव्हते. तिला नक्की ठाऊक असणार. मी कागद काढून पत्र लिहू लागलो, तेव्हा ते संकोचत म्हणाले, "माय घरी एकटी हाय. चारची गाडी सुटंल." त्यांना थांब्यावर पोहोचवताना मी सांगितले, तुम्ही आईजवळ थांबा, विचारायला मी जातो.

काल देवरीत तीन दारे झाली. दोघांनी मान हलवली. तिसरे साहेब रजेवर होते. राग आला, पण पत्र लिहिले नाही. आज सकाळच्या गाडीने पुन्हा निघालो आहे.