वनभोजनातली लाल शितं

आज लाल तांदूळ शिजायला लावला आणि त्या वासाने मी पुन्हा शाळेत जाऊन पोचले.

सातवीचं वनभोजन, सावित्री नदीच्या काठी. प्रत्येकाने घरून वाटीभर तांदूळ आणायचा आणि सगळ्यांचा भात एकाच टोपात शिजवायचा. शाळा महाडची, तिथल्या मुलांचा तांदूळ पांढराशुभ्र. वर्गात कापडे गावाहून येणारी मी एकटीच, आणि माझा तांदूळ लाल. सकाळी आईशी भांडले, तर ती म्हणाली, "पांढरा नाय गो घरात. आपला काय चोरीचा हाय?"

टोपात मिसळून जाईल असं वाटलं होतं. पण पानात भात पडला आणि लाल शितं लांबूनही दिसायला लागली. त्यांना शिजायला वेळ लागतो, त्यामुळे ती कच्चीच राहिली होती.

"हा लाल तांदूळ कुणी आणला?" बाई कडाडल्या.

शेजारची शबाना उठली. "मी आणला, बाई."

"पुन्हा आणू नकोस."

शबानाचे अब्बा दुबईला. तिच्या डब्यात कायम लांब दाण्याचा पांढरा भात असायचा. तेव्हा मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं. आज कळतं, ती खोटं बोलतेय हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं, आणि तरीही माझ्याकडे एकानेही वळून पाहिलं नाही.