मधल्या वाटेवरचं कुलूप

माझी धाकटी बहीण सासरी कोणाला न सांगता रक्त तपासायला गेली, आणि गेली ती नेमकी ज्या लॅबचं सॉफ्टवेअर आमचं ऑफिस सांभाळतं, तिच्याच दहिसरच्या शाखेत. दुपारी फोन आला. "ताई, सकाळीच रिपोर्ट तयार झालाय म्हणे, संध्याकाळी आणायला जाते. पण हे बाहेर फुटलं तर माझी वाट लागेल गं." कसली तपासणी ते तिने सांगितलं नाही. एरवी मी खोदून खोदून विचारलं असतं, पण तिचा आवाज ऐकून गप्प बसले.

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात नुकताच डेटाबेस नवीन सर्व्हरवर हलवला होता. मी टीम लीडला विचारलं, "ॲप आणि डेटाबेसच्या मधे एन्क्रिप्शन चालू आहे ना रे?" त्याने ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हावर बोट ठेवलं. "हे काय दिसतंय. झकास."

माझं डोकंच फिरलं. अरे बाबा, ते कुलूप ब्राउझरपासून ॲपपर्यंतचं. ॲपपासून डेटाबेसपर्यंतची वाट वेगळी, तिथे कोणी बघितलंय? पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं, असला कारभार. तो म्हणाला, "आधी जेवून घे." नाही जेवले.

ॲपची सेटिंग उघडली. तिचा साध्या मराठीत अर्थ असा, की जमलं तर एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक भाषेत, बोल, नाही जमलं तर उघड्यावर बोल, आणि त्याबद्दल कोणाला काही सांगू नकोस. असल्या सेटिंगवर काय कप्पाळ विश्वास ठेवायचा! म्हणून सर्व्हरलाच विचारलं, आत्ता तुझ्याशी कोण कोण जोडलेलं आहे आणि त्यातलं एन्क्रिप्टेड कोण. उत्तर क्षणभरात आलं. प्रत्येक ओळीपुढे "हो" होतं. जोडण्याही आज सकाळी लॅब उघडायच्या आधीपासूनच्या. म्हणजे बहिणीचा रिपोर्ट त्यांतूनच गेला होता. मी खुर्चीला पाठ टेकली. फार बरं वाटलं.

पण पलीकडे आपलाच सर्व्हर आहे कशावरून? चाचणीच्या ॲपला कडक सांगितलं, समोरच्याचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, तपासल्याशिवाय जोडायचं नाही. त्याने जोडायलाच नकार दिला. मग बघते तर काय, आमच्याकडे सर्व्हरला सगळे त्याच्या आयपी नंबरानेच ओळखतात, तोच नंबर सेटिंगमध्येही घातलेला, आणि सर्टिफिकेटवर मात्र त्याचं नाव. नंबर काढून नाव घातलं, तसं निमूट जोडलं. सर्व्हर आमचाच होता. मग खऱ्या ॲपलाही तीच सेटिंग लावली.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, तू बघितलास का रिपोर्ट?"

मला तो केव्हाही उघडता आला असता, हे तिलाही ठाऊक होतं.

"नाही गं. वाटेत दुसऱ्या कोणी बघितला नाही ना, तेवढं बघितलं."

ती म्हणाली, "मग मीच सांगते. काही झालेलं नाहीये मला."

मी भर ऑफिसात हुंदके देऊन रडले. टीम लीड धावत आला. "काय गं, सर्व्हर पडला?"

"नाही रे," म्हटलं, "माझा डबा दे इकडे."